डोंगर, समुद्र आणि पाण्याची टाकी
विशाखापट्टणमची सहल : मुलाबाळांसह पाहावी अशी निसर्गस्थळे आणि बौद्ध स्थळे

दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी जवळ आली की घरातल्या मुलांचा एकच प्रश्न असतो, यंदा कुठे जायचे? बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते, मामाच्या गावाला. आपला समाज प्रवास करीत नाही असे मात्र कोणी म्हणणार नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी अशा ठिकाणी आपण लाखोंच्या संख्येने जातो. रेल्वेच्या डब्यात उभे राहून जातो, भाकरी बांधून नेतो, उघड्यावर रात्र काढतो. पण हा प्रवास अभिवादनाचा आहे. केवळ आनंदासाठी, डोंगर आणि समुद्र पाहण्यासाठी, चार दिवस मोकळी हवा खाण्यासाठी आपली किती कुटुंबे घराबाहेर पडतात?

१९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला आणि आपल्या आई-आजींनी नवस, जत्रा, उपासतापास सोडले. ते योग्यच झाले. परंतु त्या जत्रेत एक गोष्ट होती, हे विसरून चालणार नाही. वर्षाकाठी चार दिवस घरातल्या बाईला चूल सोडून मोकळ्या आकाशाखाली राहायला मिळत असे. जत्रा गेली, पण तिची जागा आपण कशाने भरली? पूर्वी टीव्हीने भरली, आता मोबाईलच्या पडद्याने भरली आहे. ही जागा सहलीने भरली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

सहल हा आपला हक्क आहे

कोणी म्हणेल, सहल ही श्रीमंतांची चैन आहे. अशांनी १९३४ सालची एक हकीगत आठवावी. बाबासाहेबांच्या चळवळीतील सहकाऱ्यांनी त्यांच्यासोबत सहलीला जाण्याची इच्छा व्यक्त केली आणि वेरूळची लेणी पाहण्याचे ठरले. सुमारे तीस जणांची मंडळी निघाली. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यासाठी ते उतरले. प्रवासाने अंग धुळीने भरले होते, म्हणून दारालगतच्या टाक्यातील पाण्याने काहींनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून आरडाओरडा झाला, टाके बाटवले म्हणून शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि पाळतीसाठी सोबत हत्यारबंद शिपाई देऊन! ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

म्हणजे सहलीला जाणे, ऐतिहासिक स्थळ पाहणे, तिथले पाणी पिणे या साध्या गोष्टीही आपल्या माणसांना सुखाने करता येत नव्हत्या. आज त्या करता येतात. ज्या हक्कासाठी एवढे सोसले, तो नुसता कागदावर ठेवण्यात काय अर्थ आहे? म्हणूनच दक्षिणेकडील अशा एका शहराची ओळख येथे करून देत आहोत, जिथे समुद्र आहे, डोंगर आहे, जंगल आहे, आणि डोंगरमाथ्यावर भिक्खूंनी खोदलेली पाण्याची टाकीही आहेत. हे शहर म्हणजे आंध्र प्रदेशातील विशाखापट्टणम.

शहर आणि समुद्रकिनारा

विशाखापट्टणम बंगालच्या उपसागरावर वसले आहे. एका बाजूला पूर्व घाटाच्या टेकड्या आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. बंदराजवळ एक मोठा डोंगर समुद्रात घुसला आहे. त्याच्या आकारावरून त्याला ‘डॉल्फिन्स नोज’, म्हणजे डॉल्फिन माशाचे नाक, असे नाव पडले आहे. मुंबईचा सूर्य समुद्रात मावळतो, येथे तो समुद्रातून उगवतो. म्हणून पहाटे लवकर उठून मुलांना रामकृष्ण बीचवर, ज्याला सारे लोक आर. के. बीच म्हणतात, सूर्योदय दाखवावा. याच किनाऱ्यावर ‘कुरसुरा’ ही नौदलाची जुनी पाणबुडी वाळूवर आणून तिचे संग्रहालय केले आहे. पाणबुडीत खलाशी कसे राहत, कुठे झोपत, हे आत शिरून पाहता येते. मुलांना ते फार आवडते.

एक सूचना मात्र पालकांनी नीट ध्यानात ठेवावी. आर. के. बीचचा समुद्र दिसायला शांत वाटला तरी त्याला आतून ओढ आहे आणि तेथे माणसे बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत. पाण्यात पाय भिजवावेत, पोहायला जाऊ नये. लाल निशाण लावलेले असेल किंवा रक्षक मनाई करीत असतील, तर तरुण मुलांनी पैज म्हणूनही पाण्यात उतरू नये.

किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले की कैलासगिरी ही टेकडी लागते. वर बाग आहे आणि रोप-वेने जाता येते. वरून किनाऱ्याची वळणदार रेघ दूरवर दिसते. त्यापुढे कंबलकोंडा अभयारण्य आहे. सुमारे ७० चौरस किलोमीटरचे हे जंगल शहराला लागूनच आहे. वनखात्याने ठरवून दिलेल्या पायवाटांनी तेथे हिंडता येते. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुदहुद’ चक्रीवादळ या शहरावर आदळले आणि असंख्य झाडे उन्मळून पडली. माणसाने पुन्हा झाडे लावली, निसर्गानेही आपली जखम भरून काढण्यास सुरुवात केली. मुलांना हे सांगावे. सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेला सावलीसाठी वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदल्या, हे त्याच्या स्तंभलेखात कोरलेले आहे. झाड लावणे ही आपल्याकडे धम्माचीच परंपरा आहे.

भिक्खूंनी निवडलेले डोंगर

येथे एक शब्द समजून घेऊ. तेलुगू भाषेत ‘कोंडा’ म्हणजे डोंगर. आपल्याकडच्या भाताच्या कोंड्याशी त्याचा काही संबंध नाही! ‘बावि’ म्हणजे विहीर. कोकणात विहिरीला बाव म्हणतात, त्याच्याशी हा शब्द जुळतो. ‘तोट्टी’ म्हणजे पाण्याचे टाके. म्हणून बाविकोंडा म्हणजे विहिरींचा डोंगर आणि तोटलकोंडा म्हणजे टाक्यांचा डोंगर. शहरापासून भीमुनिपट्टणमच्या रस्त्याला सुमारे पंधरा-सोळा किलोमीटरवर हे दोन्ही डोंगर आहेत.

तोटलकोंडा समुद्रसपाटीपासून सुमारे १२८ मीटर उंच आहे. १९७० च्या दशकात नौदलाच्या पाहणीत या डोंगरावरील अवशेष नजरेस आले आणि १९८८ ते १९९३ या काळात राज्याच्या पुरातत्त्व खात्याने तेथे उत्खनन केले. तेव्हा मातीखालून एक संपूर्ण संघाराम बाहेर आला. स्तूप, चैत्यगृहे, भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या, भोजनशाळा, स्वयंपाकघर, दगडी फरसबंदीच्या वाटा, सारे काही! इसवी सनापूर्वीच्या दोन-तीन शतकांपासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारापर्यंत येथे भिक्खूसंघ नांदत होता. येथे सातवाहनांची शिशाची नाणी आणि रोमन चांदीची नाणीही सापडली. सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचे! पैठणच्या राजांचे नाणे पूर्व किनाऱ्यावरच्या विहारापर्यंत पोचले होते आणि समुद्रापलीकडच्या रोमचेही पोचले होते. व्यापारी, खलाशी आणि भिक्खू यांची ये-जा किती दूरवर होती, हे यावरून समजते.

पण सर्वांत पाहण्यासारखी आहेत ती खडकात खोदलेली पाण्याची अकरा टाकी. एवढ्या उंचावर नदी नाही, ओढा नाही. पावसाचे पाणी खडकावरून वाहून येई, ते या टाक्यांत साठवले जाई आणि त्यावर वर्ष निघे. मुंबईजवळच्या कान्हेरीला ज्यांनी भेट दिली असेल त्यांना हे लगेच ओळखू येईल. कान्हेरीलाही लेण्यालेण्यांशी टाकी आहेत आणि तेथील शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. पश्चिम किनारा आणि पूर्व किनारा, दोन्हीकडे एकच शहाणपण दिसते. आधी पाण्याची सोय, मग वस्ती. जेथे नळाला दिवसाआड पाणी येते, तेथील गृहिणीला या टाक्यांचे मोल कोणी वेगळे सांगायला नको.

दौलताबादच्या टाक्याशी काय घडले ते वर सांगितले. तोटलकोंड्याची टाकी ज्या संघाने खोदली, त्या संघात न्हावी असलेला उपालीही मानाने बसला होता आणि भंगी समजल्या जाणाऱ्या कुळातला सुनीतही. पाण्यावर पहारा बसवणारी संस्कृती आणि पाणी साठवून सर्वांना देणारी संस्कृती, या दोहोंतला फरक या डोंगरावर उभे राहून मुलांना समजावून देता येतो.

शेजारच्या बाविकोंड्याचे उत्खनन १९८२ ते १९८७ या काळात झाले. तेथे अस्थिधातूचे करंडक सापडले. भीमुनिपट्टणमजवळ पावुरालकोंडा, म्हणजे कबुतरांचा डोंगर, नावाची आणखी एक टेकडी आहे आणि तिथेही खडकात खोदलेली टाकी आहेत. एकाच किनाऱ्यावर, एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असे हे संघाराम होते.

भिक्खूंनी हीच जागा का निवडली असेल? तथागतांचे चरित्र पाहा. जन्म लुंबिनीच्या वनात, संबोधी पिंपळाखाली, पहिले प्रवचन मृगदायवनात, महापरिनिर्वाण कुशीनाऱ्याच्या जोड शालवृक्षांखाली. चार भिंतींत कोंडलेला हा धम्मच नव्हे. भिक्खूंनी वर्षभर चारिका करावी आणि पावसाळ्यात एका जागी वर्षावास करावा, असा नियम होता. गावापासून फार दूर नाही, कारण भिक्षा मागायची असते. फार जवळही नाही, कारण ध्यानाला शांतता हवी असते. अशी जागा म्हणजे ही टेकडी! दुपारच्या वेळी वर उभे राहिले की समुद्राचा वारा अंगावर येतो. तेथे मुलांना दहा मिनिटे गप्प बसवून आनापान करायला सांगावे. विहारातल्या शिबिरात जे त्यांना जमत नाही, ते तेथे सहज जमेल.

तांबड्या वाळूच्या टेकड्या

त्याच रस्त्याने भीमुनिपट्टणमकडे जाताना ‘एर्र मट्टी दिब्बलु’ लागतात. एर्र म्हणजे तांबडी, मट्टी म्हणजे आपली मातीच. समुद्र आणि वारा यांनी हजारो वर्षे वाळू आणून टाकली, तिला लोहामुळे तांबडा रंग चढला आणि पावसाच्या पाण्याने त्यात खोल घळी पाडल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ साली या जागेला भूवारसा म्हणून मान दिला. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत तिचे नाव आले. त्याच यादीत त्याच वेळी आपल्या पाचगणी-महाबळेश्वरच्या काळ्या पाषाणाचेही नाव आले आहे. घळींच्या कडा ठिसूळ आहेत. त्यावरून मुलांना घसरू देऊ नये आणि आठवण म्हणून वाळू पिशवीत भरून आणू नये. हजारो माणसांनी मूठ मूठ नेली तर काय उरेल?

बोर्रा गुहा आणि अरकू

एक दिवस डोंगरातल्या रेल्वेसाठी राखून ठेवावा. विशाखापट्टणमहून किरंदूलकडे जाणारी गाडी सकाळी लवकर सुटते आणि पूर्व घाट चढू लागते. बैलाडिल्याचे लोहखनिज बंदरात आणण्यासाठी १९६० च्या दशकात हा मार्ग बांधला गेला. वाटेत पन्नासाहून अधिक बोगदे आहेत. बोगदा आला की मुले ओरडतात, बाहेर पडले की दरी दिसते!

शहरापासून सुमारे ९० किलोमीटरवर बोर्रा गुहा आहेत. चुनखडीच्या डोंगरात पाण्याने हे प्रचंड दालन कोरले आहे. छतातून चुन्याचे पाणी थेंब थेंब गळते, प्रत्येक थेंब मागे चुन्याचा कण ठेवतो, आणि हजारो वर्षांनी वरून लोंबणारे व खालून वाढणारे दगडी खांब तयार होतात. कोणी त्यात देव पाहतात, कोणी पिंड पाहतात. आपण मुलांना थेंब दाखवावा. हे असले की ते होते, हा कार्यकारणभाव, म्हणजेच तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद, पुस्तकातून कठीण वाटतो. गुहेत तो डोळ्यांनी दिसतो. गुहेत जमीन ओली असते, म्हणून घट्ट बसणारी पादत्राणे घालावीत.

हा मुलूख आदिवासींचा आहे. येथील जंगलातील जमीन खाणींसाठी खाजगी कंपन्यांना पट्ट्याने दिली जात होती. त्याविरुद्ध ‘समता’ नावाची संस्था न्यायालयात गेली आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, अनुसूचित क्षेत्रातील सरकारी जमीनही खाणीसाठी बिगर आदिवासींना किंवा खाजगी कंपन्यांना देता येणार नाही. या निकालाचा आधार होता राज्यघटनेची पाचवी अनुसूची. गुहेबाहेरचे ते हिरवे डोंगर पाहताना, घटनेच्या एका पानाने काय होऊ शकते हेही मुलांना सांगावे.

पुढे अरकू खोरे येते. शहरापासून ते सुमारे ११५ किलोमीटर. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या खोऱ्यात थंडी बरी असते. आदिवासी शेतकरी येथे कॉफी पिकवतात आणि २०१९ साली अरकूच्या कॉफीला भौगोलिक मानांकन मिळाले. आदिवासींच्या जीवनाचे संग्रहालय तेथे आहे. फोटो काढताना मात्र विचारून काढावा. आपल्याकडे कोणी तमाशा म्हणून पाहिलेले आपल्याला आवडत नाही, मग आपणही तसे पाहू नये.

दगड मारण्याची प्रथा

परतीच्या दिवशी अनकापल्लीला जावे. हे गाव गुळाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्याजवळ शंकरम या खेड्यात बोज्जन्नकोंडा आणि लिंगलकोंडा हे दोन डोंगर आहेत. शंकरम हे नाव ‘संघाराम’ या शब्दावरून आले असे मानतात. बोज्जन्नकोंड्यात बुद्धमूर्ती असलेली लेणी आहेत. लिंगलकोंड्यावर अखंड खडकात कोरलेल्या स्तूपांच्या रांगाच रांगा आहेत. संघ गेला, स्तूप ओळखणारे कोणी उरले नाही, तेव्हा लोकांना ते स्तूप लिंगासारखे दिसू लागले आणि डोंगराला तसे नाव पडले!

याहून दुःखाची गोष्ट पुढे आहे. संक्रांतीच्या सणातील कनुमा या दिवशी आसपासचे लोक बोज्जन्नकोंड्यावर येत आणि तेथील एका भागाला राक्षस समजून दगड मारीत. वर्षानुवर्षे हे चालले होते. वारसा जपणाऱ्या कार्यकर्त्यांनी गावकऱ्यांची समजूत घातली आणि अलीकडच्या वर्षांत ही प्रथा थांबवण्यात यश आले. दगड मारणारे लोक दुष्ट नव्हते. हे काय आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. जेथे जाणकारांची पावले पडत नाहीत, तेथे बुद्धाचा राक्षस व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून आपण तेथे गेले पाहिजे. पण कसे जावे, यालाही महत्त्व आहे. स्तूपावर चढू नये. दगडाला हळद-कुंकू, शेंदूर, तेल लावू नये. टाक्यात नाणी टाकू नयेत. खडकावर नाव कोरू नये, आणि स्पष्टच सांगतो, ‘जयभीम’ही लिहू नये. जयभीम दगडावर लिहून नव्हे, दगड जपून म्हणायचा असतो. २०१९ च्या पावसात तोटलकोंड्याच्या मोठ्या स्तूपाचा भाग कोसळला होता. दोन हजार वर्षे टिकलेली वस्तूही एका पावसात पडू शकते, मग आपल्या निष्काळजीपणाने काय होईल?

सहलीची तयारी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळाची शक्यता असते, तेव्हा निघण्यापूर्वी हवामानाची बातमी पाहावी. मुंबई, पुणे, सोलापूरकडून विशाखापट्टणम एक्स्प्रेस आहे. नागपूर-गोंदियाकडील मंडळींना समता एक्स्प्रेस सोयीची. सुट्टीत गर्दी असते, म्हणून आरक्षण लवकर करावे. पाच-सहा कुटुंबांनी मिळून निघाल्यास तेथे गाडी ठरवणे स्वस्त पडते. महिला मंडळांनी दरमहा थोडी भिशी बाजूला टाकली तर वर्षाअखेरीस सहलीचा खर्च जड जात नाही.

कोंड्यांवर सावली कमी आहे. टोपी, पाणी आणि शेंगदाण्याची चिक्की जवळ असावी. वृद्धांना सकाळीच डोंगरावर न्यावे. जेवणाला इडली, मुगाचा पेसरट्टु डोसा आणि भात सगळीकडे मिळतो. आंध्रचे लोणचे मात्र बेताने घ्यावे! प्रवासात दशम्या आणि चटणी पुरते. त्या भल्या पहाटे उठून एकट्या बाईनेच कराव्यात असे कुठे लिहिलेले नाही. घरातील पुरुषांनी आणि मुलग्यांनीही पिठात हात घालावा. नाहीतर सहल साऱ्यांची आणि श्रम एकटीचे, असे होईल.

ज्यांना इतके दूर जाणे जमणार नाही त्यांनी मन खट्टू करू नये. कान्हेरी, कार्ले, भाजे, जुन्नर, नाशिकची लेणी, अजिंठा हे सारे आपल्या महाराष्ट्रातच आहे, आणि तेथेही डोंगर, झाडे आणि पाण्याची टाकी आहेत. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन निघावे. टाके दाखवून विचारावे, एवढ्या उंचावर पाणी कोठून आले असेल? उत्तर लगेच सांगू नये, त्यांना शोधू द्यावे. जे मूल असा प्रश्न सोडवायला शिकेल, ते कोणत्याही दगडाला राक्षस समजून दगड मारणार नाही आणि देव समजून शेंदूरही फासणार नाही.

जयभीम!